कौशल्य: नाही

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद आधीच लिहून टाकले, कारण पुढे सगळा रागच आहे आणि त्यात ते राहून जातील. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर मी ओरडते, तू नुसतं हं हं करतोस आणि शेवटी जेवलात का विचारून ठेवून देतोस. कागदावर तुला हं म्हणता येत नाही.

काल तुमच्या कार्यालयातून एक पोरगी आली होती. तू दुभाषा म्हणून बसतोस ना, त्याच कार्यालयातून. घरदार सोडून पळून आलेल्या आमच्यासारख्यांना कामाला लावायचं पुण्य करता तुम्ही. तर तुम्ही मला हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या या कारखान्यात लावलंत त्याला काल नव्वद दिवस झाले. त्या पोरीनं मला चादरींच्या ढिगापुढे उभं केलं, हातात एक चौकट दिली आणि फोटो काढला. चौकटीत छापलंय की मी स्वावलंबी झाले. नव्वद दिवस काम टिकलं की माणूस स्वावलंबी आणि त्याची फाइल बंद, असा नियम आहे म्हणे. एक्क्याण्णवाव्या दिवशी काय होतं, असं मी माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं. तर हसली आणि म्हणाली, आता तुम्हाला आमची गरजच नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली बघ. अरे, चोवीस वर्षं मी लोकांचे पाय बनवले. सुरुंगानं नेलेले, यंत्रात गेलेले, साखरेच्या आजारानं कापलेले. बाबांच्या हाताखाली मी कानस धरली तेव्हा तू चड्डी उलटी घालत होतास. त्या चोवीस वर्षांचा कागद कार्यशाळेबरोबर जळाला. आणि चादरीच्या घड्या घालते म्हणून मला चौकट मिळते! मी ती बाथरूमच्या गळक्या पाइपाखाली बादली टेकवायला ठेवली आहे. बरोबर मापाची आहे.

इथे एक इस्त्रीवाला आहे, पन्नाशीचा, वाफेच्या मोठ्या इस्त्रीवर उभा असतो. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली खोटा आहे, ते मला पहिल्याच दिवशी पाठमोरी असताना कळलं. पावलाचा आवाज चुकत होता. अडीच महिने मी दात आवळून ऐकत राहिले. मागच्या आठवड्यात राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याला बाकावर बसवलं आणि पाय काढायला लावला. उरलेला पाय ज्या वाटीत बसतो, तिच्यात सगळा भार नडगीच्या हाडावर येत होता आणि कातडी सोलली होती. इस्त्रीच्या टेबलाला लावतात त्या जाड लोकरी नमद्याच्या दोन पट्ट्या कापल्या आणि हाडाच्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या, म्हणजे मधलं हाड मोकळं राहिलं. आता तो बरा चालतो. मला रोज सलाम ठोकतो. मुकादमीण म्हणते, नमदा कारखान्याचा आहे.

तुझी भाची ठणठणीत आहे, खोकला पार गेला. इथली भाषा माझ्यापेक्षा चांगली बोलते आणि माझ्या चुका काढते.

कळावे. लोभ आहेच, पण आज तो शोधावा लागेल.

तुझी आक्का

⁂

२० मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कागदावर हं म्हणता येत नाही हे खरं, पण मान डोलवता येते. वाचताना मी तेवढी डोलवली.

चौकटीचा फार राग मानू नकोस. आमच्या मोठ्या बाईंची ती कल्पना. त्या वाईट नाहीत, वरून आकडे मागतात म्हणून त्याही आकडे मागतात. शिवाय आठव, तू आणि बडबडी नव्या माणसांना ठेवतात त्या मोठ्या दालनात पत्र्याच्या खाटांवर होतात तेव्हा काय हाल होते. शंभर माणसांत दोन नळ. पोरीचा खोकला थांबत नव्हता. आज तुम्हाला दार लावता येईल अशी खोली आहे. थोडा धीर धर. सगळं होईल हळूहळू.

एक विनंती. लोकांच्या पायांना हात लावू नकोस. इथे त्याला परवाना लागतो. उगाच चौकशी निघाली तर तुझी फाइल उघडतील, नसतं झेंगट होईल. तू फक्त चादरींवर लक्ष दे. माझं ऐक एवढं.

बडबडीला गोड पापा. तिनं तुझ्या चुका जरा हळू काढाव्यात.

लोभ वाढत राहो, राग ओसरत राहो, ही विनंती.

धाकटा

⁂

९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., आणि आज मनापासून.

अरे, नवल झालं! इस्त्रीवाला सहा महिन्यांच्या तपासणीला सरकारी दवाखान्यात गेला. तिथे कृत्रिम पायांची कार्यशाळा आहे. तिथल्या मुख्य कारागिरानं वाटीतल्या पट्ट्या बघितल्या आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. यानं सांगितलं, आमच्याकडे चादरी घडी करणारी बाई. ते सगळे हसले म्हणे. मग त्या कारागिरानं पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि हसायचा थांबला.

शनिवारी मला बोलावलं. म्हातारा आहे, चष्मा कपाळावर ठेवतो आणि टेबलावर शोधतो. बोलला फार थोडं. टेबलावर कुणाच्या तरी पायाचा प्लास्टरचा साचा होता, तो माझ्यापुढे सरकवला आणि कानस दिली. धाकट्या, दोन वर्षांनी हातात कानस आली. मूठ वेगळी होती, पण हातानं ओळखली. कुठे घासायचं, कुठे भर घालायची, मी विचारच केला नाही. अर्ध्या तासानं साचा त्याला दिला. त्यानं खिडकीशी नेऊन फिरवून बघितला आणि मला म्हणाला, जागा रिकामी आहे, मे अखेरपर्यंत भरायची आहे, येता का. कागद जळाला असला तरी चालेल, म्हणाला. ते माझी परीक्षा घेतील. फक्त तुमच्या कार्यालयातल्या फाइलमध्ये माझं काम आणि अनुभव नोंदलेला असला पाहिजे, म्हणजे मी आयत्या वेळी उठून सांगत नाही हे सिद्ध होईल.

मी म्हटलं, त्याची काळजीच नको. माझ्या भावानंच माझ्याशेजारी बसून सगळं सांगितलेलं आहे.

तर त्या फाइलची नक्कल लगेच पाठव. लगेच म्हणजे हे वाचून झालं की. चहा नंतर पी.

लोभ इतका आहे की टपाल जास्त लागेल.

तुझी आक्का

⁂

१८ एप्रिल

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

वाचून किती आनंद झाला ते काय लिहू. बाबा असते तर तोंडानं काही बोलले नसते, पण दिवसभर शीळ घातली असती.

फाइलचं जरा थांबावं लागेल. बंद झालेल्या फाइली वेगळ्या कपाटात जातात, किल्ली मोठ्या बाईंकडे असते आणि त्या रजेवर आहेत. मला एक वाटलं, सुचवू का? फाइलच्या भानगडीत न पडता तू त्या म्हाताऱ्यांना सांग की, मी मदतनीस म्हणून येते, झाडलोट करते. हळूहळू त्यांचा विश्वास बसेल. किंवा इथे दोन वर्षांचा शिकाऊ अभ्यासक्रम आहे, पुढच्या वर्षी त्यात नाव घालू. घाईत हातचं काम सोडू नकोस, एवढंच माझं म्हणणं.

इकडे बरं आहे. या महिन्यात माणसं फार आली आहेत. बोलून बोलून घसा बसला.

लोभात कधी खंड पडू देऊ नकोस, ही अगदी मनापासून विनंती.

धाकटा

⁂

२७ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझी ती किल्ली राहू दे खुंटीला. दवाखान्यानंच पत्र पाठवून नक्कल मागवली, चार दिवसांत आली. काल म्हाताऱ्यानं मला बोलावून समोर ठेवली. मला वाचता येईना, म्हणून त्यानंच बोट ठेवत ठेवत सांगितलं. शिक्षण: चौथी. अनुभव: घरकाम. कौशल्य: नाही.

मला वाटलं, माझी भाषा चुकतेय. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. कौशल्य: नाही. आणि खाली माझी सही!

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. रागावला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, मला तुमचे हात दिसतात, पण वरच्या साहेबांना कागद दिसतो. आता मी अनुभव आहे म्हटलं तर पहिल्या वेळी खोटं लिहून दिलं असं होतं, आणि खोटी माहिती देणाऱ्याला सरकारी दवाखाना घेत नाही. तो म्हणाला, लिहिणाऱ्यानं स्वतः चूक माझी आहे असं लिहून दिलं तरच काही होईल. जागा मे अखेरपर्यंत धरून ठेवतो.

कोण रे तो मेला कारकून? तू सगळं नीट सांगितलंस, मी तुझ्याशेजारीच होते. मी हातांनी वाटी दाखवली, तू त्यांच्या भाषेत अर्धा तास बोललास. आणि ह्या माणसानं तुमच्या मागे बसून 'नाही' लिहिलं? चोवीस वर्षं दोन अक्षरांत पुसली? हात झडोत त्याचे! त्याच्या पोराबाळांनी त्याला विचारावं, बाबा तुम्हाला काय येतं, आणि याला उत्तर सुचू नये. तू त्याचं नाव शोधून काढ. मी येते तिकडे. चादरींना एक दिवस सुट्टी. मला त्याच्या टेबलासमोर उभं राहायचं आहे.

कळावे. आज लोभाबिभाचं विचारू नकोस.

तुझी आक्का

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी बडबडीनं मी बरोबर आणलेली ती नक्कल हातात घेतली. वाचता वाचता गप्प झाली. ती कधी गप्प होत नाही. मग म्हणाली, आई, हे मामाचं अक्षर आहे.

मी पत्र फाडणार होते. नाही फाडत. वरचं सगळं तसंच तुला पाठवते. वाच.

⁂

४ मे

ती. आक्कास,
सा. न.

पुढचं वि. वि. लिहायला तोंड नाही.

अक्षर माझंच आहे. कारकून कुणी नाही. फॉर्म दुभाषेच भरतात.

कसं झालं ते सांगतो, सोडवून घ्यायला नाही. आमच्याकडे ज्याला हुन्नर आहे असं लिहिलं, त्याची फाइल तपासणीला जाते. मूळ गावाहून कागद मागवतात. ते गाव जळालेलं असलं तरी मागवतात. उत्तर येत नाही, म्हणून पुन्हा मागवतात. आठ महिने, दहा महिने, तोवर माणूस त्या दालनात, काम करायची मुभा नाही. आणि ज्याला काहीच येत नाही, तो पंधरा दिवसांत बाहेर पडतो, कारण चादरी, मासे आणि फरशा यांना तपासणी लागत नाही. बडबडी रात्र रात्र खोकत होती. तू स्वतः मला म्हणाली होतीस, काहीही कर पण आम्हाला इथून काढ. मी काहीही केलं.

मी अर्धा तास बोलत होतो ना, तेव्हा समोरच्या बाईंना तुझं काम सांगतच नव्हतो. पोरीच्या खोकल्याबद्दल सांगत होतो. मग आतल्या खोलीत फॉर्म भरला, आणून तुझ्यापुढे ठेवला, सहीच्या जागी बोट ठेवलं आणि तू सही केलीस. तू एकदाही विचारलं नाहीस काय लिहिलंय म्हणून. ते मला रोज आठवतं.

आणखी एक आहे. लपवलं तर पुन्हा बडबडी पकडेल. महिन्याला अकरा माणसं कामाला लागली पाहिजेत असा आमचा आकडा आहे. त्या महिन्यात दहा झाली होती. पोरीचा खोकला नसता तरी मी तेच केलं असतं का, हे मला माहीत नाही. आणि तू पहिली नव्हतीस. पहिल्याच्या वेळी मी दोन फॉर्म खराब केले होते. तुझ्या वेळी सवय झाली होती. तीन वर्षांत असे एक्केचाळीस फॉर्म आहेत.

वाटलं तर या पत्राला उत्तर देऊ नकोस.

धाकटा

⁂

११ मे

धाकट्या,

मायना नाही. आशीर्वाद देते, कारण देणार नाही म्हटलं तरी माझ्या तोंडून जातात.

सात दिवस मी चादरी इतक्या जोरात झटकल्या की मुकादमीण म्हणाली, फाटतील. आपलेच दात, आपलेच ओठ. परक्यानं केलं असतं तर मी त्याच्या टेबलावर चढले असते. तुझ्यावर कुठे चढू? तुला प्लास्टर कालवायला मी शिकवलं. तुझ्या भाषांच्या शिकवणीची फी भरायला माझ्याच हातचे पाय चालून गेले. आणि त्याच भाषांमध्ये तू लिहिलंस, हिला काही येत नाही!

खोकला मी मानते. मी काहीही कर म्हटलं, तेही मानते. तू मला विचारलं असतंस तर कदाचित मीच म्हटलं असतं, लिही 'नाही'. पण मग ते माझं खोटं असतं. तू मला विचारलं नाहीस. शेजारी बसून, माझे हात हातात घेऊन, तू त्या बाईला माझ्याबद्दल एक शब्द सांगितला नाहीस, आणि मी मूर्खासारखी तुझ्याकडे बघून मान डोलवत होते. त्याचा राग आहे. तो जाणार नाही, वाट बघू नकोस.

आता रडगाणं पुरे. रडलास हे मला कळलं, चौथ्या ओळीत शाई फुटली आहे. रडून कुणाचा पाय नीट बसत नाही. लिहिणाऱ्यानं लिहून द्यायला हवं, तर लिहून दे. पण माझ्या एकटीचं लिहिलंस तर मी ते फाडून परत पाठवीन. एक्केचाळीस म्हणालास ना? एक्केचाळीस लिही. माझ्यासारखी आणखी चाळीस माणसं कुठेतरी मासे सोलतायत आणि समजतायत की आपल्या फाइलीत सगळं नीट लिहिलंय.

नोकरी जाईल म्हणशील. जाईल.

आक्का

⁂

२५ मे

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

लिहून दिलं. अकरा पानं झाली.

फॉर्म कपाटात होते, म्हणून आठवणीनं लिहिलं. वाटलं होतं, काही आठवणार नाही. पण ती माणसं माझ्यासमोर आपापल्या भाषेत बोलली होती, आणि ऐकलेलं माझ्या डोक्यातून जात नाही, तोच माझा धंदा. एक गणित शिकवायचा. एक धरणाचे दरवाजे सांभाळायचा, पाणी वाढलं की त्याला वासावरून कळायचं. एक बाई मुलांना चष्म्याचे नंबर काढायची. एक म्हातारा नुसता विहिरी बांधायचा आणि मला विचारत होता की इथे जमीन कशी आहे. सगळ्यांपुढे मी लिहिलं, यांना हे येतं, त्यांनी मला सांगितलं होतं, मी लिहिलं नाही, दोष माझा आहे. तिघांचं मात्र काही केल्या आठवेना. त्यांच्यापुढे जागा मोकळी सोडली.

मोठ्या बाईंकडे थेट नेलं असतं तर त्यांनी खणात ठेवलं असतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून आधी आवक खिडकीवर जाऊन दोन प्रतींवर शिक्का मारून घेतला. शिक्का पडला की कागदाला उत्तर द्यावंच लागतं. मग आत गेलो. बाईंनी वाचलं, परत घे म्हणाल्या. मी शिक्का दाखवला. त्यांनी तो नखानं खरवडून बघितला. शेवटी एवढंच म्हणाल्या की, असे फॉर्म भरले जातात हे मला माहीत नव्हतं असं तुला वाटतं का. मग मला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर म्हणजे त्याच बाकावर, जिथे तुम्ही बसला होतात. तीन वर्षं मी तो बाक टेबलाच्या बाजूनं बघितला होता. फार अरुंद आहे ग. पाठ टेकतच नाही.

दुसऱ्या दिवशी मला कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं. तुझ्या दुरुस्तीची प्रत दवाखान्याला गेली, जावक नोंद मी स्वतः बघितली. बाकीच्यांच्या फाइली उघडणार म्हणतात. दुभाष्यांना दिलेली खोली महिनाअखेर सोडायची आहे. काल मी कामासाठी नाव नोंदवायला गेलो, तर खिडकीतल्या पोरानं मला कोरा फॉर्म दिला. कौशल्याच्या रकान्यापाशी पेन अडलं. तसाच घेऊन आलो. सोबत पाठवतो. तुलाच विचारतो, काय लिहू?

तुझ्या लोभावर हक्क सांगत नाही. उरला असेल तेवढा असू दे.

धाकटा

⁂

४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मेच्या शेवटच्या सोमवारी परीक्षा झाली. मी इस्त्रीवाल्यालाच घेऊन गेले आणि त्याच्या पायाचा साचा घेण्यापासून नवी वाटी घालून चालवण्यापर्यंत सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत केलं. तो आधाराच्या दोन दांड्यांच्या मधून चालला तेव्हा मी पाठ करून उभी राहिले आणि आवाज ऐकला. दोन्ही पावलं सारखी वाजली. म्हाताऱ्यानं कपाळावरचा चष्मा टेबलावर शोधला आणि कागदावर सही केली. कालपासून मी कामावर आहे. माझ्या नावाची पाटी लावायची म्हणतायत. मी म्हटलं, आधी कानस बदला, फार बोथट आहे.

तर आता तुझं. सामान बांध आणि इकडे ये. बडबडीनं तिच्या खाटेचा अर्धा भाग मोजून ठेवला आहे, त्याच्या पलीकडे पाय गेला तर ओरडेन म्हणते. चादरींच्या टेबलाशी माझी जागा रिकामी झाली आहे. मुकादमिणीला विचारलं. अनुभव लागत नाही म्हणाली. नव्वद दिवस टिकलास तर तुलाही चौकट मिळेल. माझी बादलीखाली आहे, तुझी दुसऱ्या पाइपाखाली लावू.

राग गेला असं समजू नकोस. तुझ्यासमोर ताट वाढताना तो माझ्या हातात असेल, आणि तू मुकाट्यानं जेवायचंस.

तुझा फॉर्म मी भरला. आयुष्यातला पहिला फॉर्म, बडबडीला शेजारी बसवून, एकेक शब्द विचारून. कौशल्याच्या रकान्यात लिहिलं आहे: प्लास्टर कालवतो. तीन भाषा बोलतो. अडतीस माणसांना काय येत होतं ते न बघता सांगू शकतो. पुढे, खोटं फार सुबक अक्षरात लिहितो, असंही लिहिलं होतं. बडबडीनं खोडायला लावलं. उरलेल्या तिघांना शोधून तू स्वतः जाऊन विचारायचं आहेस. चादरींना रविवारी सुट्टी असते.

फॉर्म सोबत आहे. खाली सहीची जागा मोकळी ठेवली आहे. तिथे मी बोट ठेवलेलं नाही. आधी सगळा वाच, मग सही कर.

लोभ होता, आहे, आणि तुला तो असाच रागासकट घ्यावा लागेल.

तुझी आक्का